खेळात आहे, हिशोबात नाही

अंगणात मोठ्या मुलांची लगोरी रंगात आलेली असते आणि घरातले चार वर्षांचे शेंडेफळ 'मीपण, मीपण' करीत मध्ये घुसते. नाही म्हणावे तर भोकाड पसरणार. मग त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. शेजारच्या कानडी घरातली मुले यालाच म्हणतात, 'आटक्कुंटु, लेक्कक्किल्ला'. म्हणजे खेळात आहे, पण हिशोबात नाही. तो धावतो, पडतो, गुडघे फोडून घेतो. पण तो बाद होत नाही आणि त्याने काय केले ते कोणी मोजतही नाही.

गंमत अशी, की जगातल्या सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल स्पर्धेत, म्हणजे अमेरिकेच्या एनबीएमध्ये, साडेसहा फुटी आणि लक्षावधी डॉलर कमावणारे कित्येक खेळाडूही वर्षानुवर्षे असेच 'लेक्कक्किल्ला' होते. ते मैदानात असले की संघ जिंकायचा. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे चार-पाच गुण, दोन-तीन रिबाउंड, बस्स. अशा खेळाडूंचे खरे मोल काढण्यासाठी गेल्या पंचवीसेक वर्षांत तिथल्या गणितज्ञांनी जी खटपट केली, तिची ही गोष्ट.

मी बेळगावच्या एका कॉलेजात तीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतर सकाळी फिरून यावे आणि शांतपणे पेपर वाचावा, असा माझा बेत होता. पण एप्रिल ते जून या काळात सकाळी सहाच्या सुमारास आमच्या घरात एनबीएचे प्लेऑफ सामने सुरू होतात. तिकडे रात्र, इकडे चहाची वेळ! भाची आणि तिच्या मैत्रिणी 'आज याने चाळीस मारले, त्याने पस्तीस मारले' असा कल्ला करतात. मी त्यांना दरवेळी एकच प्रश्न विचारतो, 'मारले खरे, पण तो मैदानात असताना संघाचे काय झाले?'

प्लेऑफ म्हणजे वेगळीच परीक्षा

एनबीएत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात ८२ साखळी सामने खेळतो. त्यानंतर १६ संघ प्लेऑफला जातात आणि तिथे एका प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांची मालिका असते. ज्याने आधी चार जिंकले तो पुढे. अशा चार फेऱ्या, म्हणजे अजिंक्यपदासाठी १६ विजय हवेत.

साखळीत आज एक संघ, परवा दुसरा. कोणाची बारीक तयारी करायला वेळ नसतो. प्लेऑफमध्ये मात्र तोच प्रतिस्पर्धी दोन आठवडे समोर असतो. तुमच्या डाव्या हाताला जोर नाही, तुमचा बचाव कच्चा आहे, हे एकदा त्यांच्या लक्षात आले की पुढचे सगळे सामने ते त्याच फटीत बोट घालतात. प्रशिक्षकही राखीव खेळाडूंना कमी खेळवतात आणि खंद्या सात-आठ जणांवर भिस्त ठेवतात. त्यामुळे साखळीतला राजा प्लेऑफमध्ये रंक ठरू शकतो, आणि उलटही होते. म्हणूनच कोणाच्या असण्याने प्लेऑफमध्ये नेमका किती फरक पडला, हा प्रश्न लाखमोलाचा आहे. खेळाडूचा पुढचा करार, प्रशिक्षकाची नोकरी, सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

जुनी खातेवही

जुन्या तक्त्यात गुण, रिबाउंड आणि असिस्ट एवढेच मुख्य रकाने होते. चेंडू हिसकावणे म्हणजे स्टील आणि फेक अडवणे म्हणजे ब्लॉक, यांची अधिकृत नोंद एनबीएत १९७३-७४च्या हंगामापासून सुरू झाली. आता बॉस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल घ्या. फेक अडवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १९५७ ते १९६९ या १३ हंगामांत त्याच्या संघाने ११ अजिंक्यपदे जिंकली. पण त्याने किती फेका अडवल्या, याचा अधिकृत आकडा आज कोणाकडेही नाही, कारण तो निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी तो रकाना आला! त्याचा प्रतिस्पर्धी विल्ट चेंबरलेन याने १९६१-६२च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले. हा विक्रम अजून अबाधित आहे. पण विल्टच्या वाट्याला साऱ्या कारकिर्दीत दोनच अजिंक्यपदे आली.

अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूला पुरस्कार द्यायला सुरुवात झाली १९६९मध्ये, रसेलच्या शेवटच्या वर्षी. रसेलचा संघ जिंकला, पण पुरस्कार गेला हरलेल्या लेकर्स संघाच्या जेरी वेस्टला. हरणाऱ्या संघातल्या खेळाडूला तो मिळाल्याचे हे आजवरचे एकमेव उदाहरण. रसेलला तो कधीच मिळाला नाही. पुढे २००९मध्ये या पुरस्कारालाच रसेलचे नाव देण्यात आले. जे वहीत मांडता आले नव्हते, त्याची परतफेड अशी चाळीस वर्षांनी झाली.

किती केले, यापेक्षा कितीत केले

नव्या हिशोबाची पहिली पायरी घरखर्चासारखी सोपी आहे. शंभर रुपयांची भाजी आणली, एवढे सांगून भागत नाही. किती आणली, तेही सांगावे लागते. बास्केटबॉलमध्ये खर्च होतो तो संधीचा. एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला चेंडू साधारण शंभर वेळा येतो. एकाने वाया घालवलेली संधी दुसऱ्याच्या वाट्याची असते.

समजा, एकाने २८ फेका आणि ४ फ्री थ्रो घेऊन ३० गुण केले. दुसऱ्याने १२ फेका आणि ५ फ्री थ्रोमध्ये २० गुण केले. वर्तमानपत्र पहिल्याचा फोटो छापेल. आता हिशोब करू. फ्री थ्रोची संख्या ०.४४ने गुणायची, ती फेकांच्या संख्येत मिळवायची, त्याची दुप्पट करायची आणि एकूण गुणांना त्याने भागायचे. पहिल्याचे उत्तर येते सुमारे ५० टक्के, दुसऱ्याचे सुमारे ७० टक्के. याला 'ट्रू शूटिंग' म्हणतात. संधीचा संसार कोणी काटकसरीने केला, ते यातून कळते.

डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने २००४मध्ये 'बास्केटबॉल ऑन पेपर' हे पुस्तक लिहून या विचाराला नीट बैठक दिली. विजयाचे चार आधार त्याने सांगितले : नेम, चेंडू न गमावणे, चुकलेली फेक पुन्हा ताब्यात घेणे आणि फ्री थ्रो मिळवणे. त्याच वर्षी सिॲटलच्या संघाने त्याला सल्लागार म्हणून घेतले.

प्लस-मायनसची गोष्ट

पण एवढ्यानेही बचाव करणाऱ्याचे मोल कळत नाही. क्रिकेटमध्ये एक गोलंदाज, एक फलंदाज, प्रत्येक चेंडूचा हिशोब वेगळा लिहिता येतो. तिथेसुद्धा कर्नाटकातून खेळलेल्या, मराठी घरातल्या आपल्या राहुल द्रविडने कसोटीत ३१,२५८ चेंडू खेळून काढले, त्यातून समोरच्या फलंदाजाला किती बळ मिळाले, ते धावफलकावर दिसत नाही. बास्केटबॉलमध्ये तर पाच विरुद्ध पाच अशी सगळी सरमिसळ असते.

यावर उपाय म्हणजे प्लस-मायनस. ही कल्पना मूळची आइस हॉकीतली. खेळाडू मैदानात आला तेव्हा २०-२० अशी बरोबरी होती आणि तो बाहेर गेला तेव्हा आपले ३२, त्यांचे २७ गुण होते. मग त्याच्या नावे अधिक ५. त्याने स्वतः एकही गुण केला नसला तरी चालेल. एनबीएच्या अधिकृत तक्त्यात हा रकाना २००७-०८पासून आला.

हे मी घरी समजावून सांगत होतो, तेव्हा आमच्या सौ.नी ताबडतोब उदाहरण दिले. 'गेल्या महिन्यात मी आठ दिवस धारवाडला माहेरी गेले होते. तेव्हा या घराचं प्लस-मायनस किती होतं?' मी विषय बदलला. पण शास्त्राच्या भाषेत यालाच 'ऑन-ऑफ' म्हणतात. माणूस असतानाचा आकडा आणि नसतानाचा आकडा शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक पाहायचा.

या हिशोबात खोट एकच, ती म्हणजे संगतीची. चार दिग्गजांच्या जोडीला सामान्य खेळाडू उभा केला तरी त्याच्या नावे अधिक चढते. दुबळ्या संघातला गुणी खेळाडू उण्यातच राहतो. तेव्हा यातून प्रत्येकाचा स्वतःचा वाटा वेगळा कसा काढायचा?

आपण शाळेत एकसामयिक समीकरणे शिकलो. दोन वह्या आणि तीन पेनांची किंमत इतकी, तीन वह्या आणि एका पेनाची तितकी, तर एका वहीची किंमत किती? नेमके हेच इथे करतात. मैदानावरचे दहा खेळाडू न बदलता जेवढा वेळ खेळ चालला, त्या तुकड्याचे एक समीकरण. हंगामभरात अशी हजारो समीकरणे जमतात आणि अज्ञात संख्या म्हणजे लीगमधले चार-पाचशे खेळाडू. डल्लास मॅव्हरिक्सचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन यांच्यासाठी इंडियाना विद्यापीठातले त्यांचेच प्राध्यापक वेन विन्स्टन आणि त्यांचे सहाध्यायी जेफ सॅगरिन यांनी २०००नंतर असा हिशोब मांडला. २००४मध्ये डॅन रोझेनबॉम या अर्थशास्त्रज्ञाने ती पद्धत जाहीरपणे मांडली.

तरीही एक अडचण उरली. दोन खेळाडू नेहमी एकत्रच खेळत असतील, तर दुधातले पाणी वेगळे काढायचे कसे? शिवाय थोडा वेळ खेळलेल्याचा आकडा उगाच आकाशाला भिडतो. २०१०मध्ये जो सिल याने यावर संख्याशास्त्रातला एक जुना तोडगा लावून दाखवला. नवीन गिऱ्हाइकाला किराणा दुकानदार पहिल्याच दिवशी मोठी उधारी देत नाही. पुरावा साठेपर्यंत तो त्याला चारचौघांसारखाच धरतो. तसेच इथेही प्रत्येक खेळाडूला आधी सरासरीजवळ धरायचे आणि जसा पुरावा साठेल तसे त्याला वर किंवा खाली जाऊ द्यायचे.

याच हिशोबातून शेन बॅटियर उजेडात आला. ह्यूस्टन रॉकेट्सच्या या खेळाडूवर मायकेल लुईस या लेखकाने २००९मध्ये मोठा लेख लिहिला आणि ज्याच्या नावापुढे आकडे नाहीत असा तारा, असे त्याचे वर्णन केले. बॅटियर प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत धोकादायक खेळाडूला अडवायचा. कोबी ब्रायंटचा नेम कुठून कमी लागतो हे आकड्यांतून पाठ करून तो त्याला बरोबर त्याच जागी रेटायचा आणि फेकीच्या क्षणी त्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा. याला कोणत्याच रकान्यात जागा नव्हती. पुढे २०१२ आणि २०१३ अशी दोन अजिंक्यपदे त्याने मायामीकडून जिंकली.

दोन चाली, दोन अजिंक्यपदे

२०११च्या अंतिम मालिकेत डल्लास मॅव्हरिक्ससमोर लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश यांचा मायामी संघ होता. तीन सामन्यांनंतर मायामी २-१ने पुढे होते. प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी चौथ्या सामन्यात जेमतेम सहा फुटी जे. जे. बरिया याला सुरुवातीच्या पाचांत घेतले. तोवर या मालिकेत त्याचा नेम काही चाललेला नव्हता. पण त्याच्या वेगामुळे मैदानात मोकळी जागा तयार होत होती. डल्लासने लागोपाठ तीन सामने जिंकून पहिलेवहिले अजिंक्यपद मिळवले.

२०१५मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सची अशीच कोंडी झाली. क्लीव्हलँड २-१ने पुढे. प्रशिक्षक स्टीव्ह कर यांचा तरुण सहायक निक यू'रेन आदल्या वर्षीच्या मालिकेच्या चित्रफिती पाहत बसला आणि त्याने सुचवले, की उंचापुऱ्या अँड्रू बोगटला बसवा आणि आंद्रे इग्वाडालाला सुरुवातीपासून खेळवा. इग्वाडाला त्या साखळीत एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता. वॉरियर्सने उरलेले तिन्ही सामने जिंकले आणि इग्वाडाला मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

इथेच वादाला तोंड फुटले. हरलेल्या संघातल्या लेब्रॉनने त्या मालिकेत सामन्यामागे सरासरी ३५.८ गुण, १३.३ रिबाउंड आणि ८.८ असिस्ट अशी कामगिरी केली होती. ११ मतांपैकी ७ इग्वाडालाला आणि ४ लेब्रॉनला पडली. आकडे न्याय देतील म्हणावे, तर लेब्रॉन सरासरी ४५ मिनिटांहून अधिक खेळला. बाकावर तो बसलाच नाही, तर 'नसतानाचा' आकडा आणायचा कुठून? जो कधी सुट्टीच घेत नाही, त्याची किंमत या पद्धतीने काढणे सर्वांत अवघड. आमच्या सौ.चे म्हणणे यातही लागू पडते, पण तो विषय पुन्हा नको.

पुढच्याच वर्षी, २०१६मध्ये, लेब्रॉनने ३-१ अशी पिछाडी भरून काढून क्लीव्हलँडला जिंकून दिले. गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक या पाचही बाबतींत तो दोन्ही संघांत मिळून पहिला होता. २०२३मध्ये डेन्व्हरचा निकोला योकिच असाच उजळला. त्याने त्या प्लेऑफमध्ये एकूण ६०० गुण, २६९ रिबाउंड आणि १९० असिस्ट केले. या तिन्ही बाबतींत एकाच प्लेऑफमध्ये पहिला येणारा तो इतिहासातला पहिला खेळाडू. तेव्हा जुना तक्ता अगदीच खोटा नसतो. तो अपुरा असतो, इतकेच.

आकड्यांची लक्ष्मणरेषा

२०१८मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सचा संघ आकड्यांच्या शास्त्रावरच उभा होता. लांबून मारलेल्या फेकीला तीन गुण मिळतात, म्हणून त्या भरपूर घ्यायच्या, हे त्यांचे धोरण. त्या जोरावर त्यांनी साखळीत ६५ सामने जिंकले. वॉरियर्सविरुद्धच्या मालिकेत सातवा, निर्णायक सामना आला. ख्रिस पॉल जखमी होऊन बाहेर. आणि त्या सामन्यात ह्यूस्टनच्या तीन गुणांच्या लागोपाठ २७ फेका चुकल्या! एकूण ४४ पैकी ७च पडल्या. संघ ९२-१०१ असा हरला.

मी कागद घेऊन गणित केले. शंभरात ३६ फेका पडतात आणि प्रत्येक फेक स्वतंत्र आहे असे धरले, तर ठरावीक २७ फेका ओळीने चुकण्याची शक्यता पावणेदोन लाखांत एक अशी येते. पण थकलेले पाय, मनावरचे ओझे, समोरचा कसलेला बचाव, या गोष्टी प्रत्येक फेक स्वतंत्र राहू देत नाहीत. आणि कितीही पक्के शास्त्र असले तरी सात सामने म्हणजे फारच थोडा पुरावा. म्हणून जाणकार प्लेऑफचे आकडे एकटे वाचत नाहीत. ते ८२ सामन्यांचा पाया धरतात, मग कोण कोणाविरुद्ध खेळला ते पाहतात आणि शेवटी चित्रफीत पाहतात. २०१३-१४पासून एनबीएच्या प्रत्येक मैदानात छताजवळ कॅमेरे बसले आणि खेळाडू कुठे उभा होता, किती धावला, हेही मोजले जाऊ लागले. तरीही निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

या खेळाशी आपल्याकडचाही एक धागा आहे. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळ मुंबईचे. माहिती क्षणार्धात पोहोचवणाऱ्या संगणकप्रणालींतून ते मोठे झाले आणि २०१३मध्ये त्यांनी हा संघ घेतला. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईत इंडियाना पेसर्सविरुद्ध त्यांचा संघ दोन सराव सामने खेळला. पण २००६नंतर प्लेऑफ पाहण्यासाठी त्या संघाला २०२३ उजाडावे लागले. आणि तिथेही पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण करून त्यांना घरी पाठवले. माहिती हाताशी असणे वेगळे आणि माणसे जुळणे वेगळे.

आपल्या अंगणात

हे सगळे सातासमुद्रापलीकडचे वाटेल. पण दोन वर्षांपूर्वी माझी भाची एका निवड चाचणीतून रडत घरी आली. ती बचाव करणारी. निवडकर्त्यांच्या कागदावर गुणांचा एकच रकाना होता आणि तिच्या नावापुढे तो जवळजवळ कोरा होता. 'मामा, मी आता खेळणार नाही,' ती म्हणाली. मी तिला उपदेश केला नाही. दोनशे पानी वही घेतली आणि पुढच्या हंगामात तिच्या संघाच्या प्रत्येक सामन्याला जाऊन बसलो.

पद्धत अगदी साधी आहे, कोणीही पालक करू शकेल. प्रत्येक मुलगी मैदानात आली की त्या वेळचा गुणफलक लिहायचा, बाहेर गेली की पुन्हा लिहायचा. शेवटी वजाबाकी. फक्त आपल्याच मुलीची नव्हे, सगळ्यांची नोंद ठेवायची, नाहीतर तो हिशोब न राहता वकिली होते. आणि एका-दोन सामन्यांवरून कोणाला थोर किंवा टाकाऊ ठरवायचे नाही. पूर्ण हंगाम झाल्याशिवाय वही कोणाला दाखवायची नाही.

हंगाम संपल्यावर वही मी त्यांच्या प्रशिक्षकांना दिली. भाचीची निवड त्यामुळे झाली नाही, हे स्पष्ट सांगतो. पण वहीत आणखी दोन मुली अशा निघाल्या, ज्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते आणि ज्या असताना संघ सहसा मागे पडत नसे. प्रशिक्षकांनी एक प्रश्न मात्र बदलला. आता ते सामन्याआधी विचारतात, 'त्यांच्या सर्वांत चांगल्या मुलीला कोण धरणार?' आणि भाचीचा हात पहिल्यांदा वर जातो. ती अजून खेळते आहे.

तेव्हा वाचकहो, मूल खेळून घरी आले की 'किती गोल केलेस, किती गुण केलेस' हे विचाराच. पण त्याबरोबर, 'तू मैदानात होतास तेव्हा काय काय झालं, ते सांग बघू' असेही विचारा. मूल आधी गोंधळेल, मग सांगू लागेल. ऐकताना चहा गार झाला तरी मध्ये उठू नका.